अनुराधापुरात एका पानासाठी

आईच्या काचेच्या कपाटात पिंपळाची बरीच पाने आहेत आणि त्यांतले एकही तिने स्वतः आणलेले नाही. काही नुसतीच वाळून तांबूस झालेली, काही पाण्यात कुजवून शिरांची जाळी तेवढी उरवलेली आणि त्या जाळीवर सोनेरी रंगाने बुद्धाची ध्यानमुद्रा उमटवलेली. एक तर ओळखपत्रासारखे प्लास्टिकमध्ये बंद केलेले. कल्याणजवळ मोहन्याला ज्या वसाहतीत आई राहते, तिथे बौद्ध घरे पुष्कळ. गयेला जाऊन येणाऱ्याने बोधिवृक्षाची पाने आणायची आणि शेजारीपाजारी वाटायची, हा तिथला न लिहिलेला रिवाज. आई शाळेत शिक्षिका होती. अर्ध्या वसाहतीला तिने बाराखडी शिकवलेली. त्यामुळे पहिले पान बहुधा तिच्याच हातात पडायचे.

तिचे स्वतःचे जाणे मात्र कधी झाले नाही. आधी शाळा आणि आम्हा भावंडांची शिक्षणे, मग वडिलांचे लांबलेले आजारपण, ते गेल्यावर गुडघे. दर वेळी ती निघणाऱ्यांना वाटेसाठी चिवडा बांधून द्यायची आणि परतणाऱ्यांकडून पान घ्यायची. घेताना ते आधी कपाळाला लावायची, मग उजेडाकडे धरून त्याच्या शिरा पाहायची. एकदा मी कपाट पुसायला मदत करत होते, तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांनी मला आणून दिलं. मी कुणाला काही आणलं नाही." स्वरात तक्रार नव्हती. फळ्यावर तारीख लिहावी तसे तिने ते सांगितले आणि पुढची काच पुसायला घेतली.

म्हणून मी तिला म्हटले, चल, आपण दोघीच गयेला जाऊ. तिने कपाटाचे दार लावले. मग म्हणाली, "गया सगळ्यांनी पाहिलीय. लंकेतलं पान आपल्याकडे कुणाकडेच नाही."

म्हातारपणी थोडी भक्ती आणि थोडी ईर्ष्या एकाच डब्यात सुखाने राहतात, हे मला तेव्हा कळले. मूळ बोधिवृक्षाची फांदी सम्राटाच्या लेकीने जहाजातून त्या बेटावर नेली आणि तिचे झाड तिथे अजून जिवंत आहे, ही गोष्ट आईने वर्गात कितीदा सांगितली असेल. आता तिला ते झाड पाहायचे होते. त्याच आठवड्यात तिने विहारात जाहीरही करून टाकले. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि ते आईकडे असते. त्या दिवशीचे वाचन संपल्यावर चष्मा काढून ती म्हणाली, "येताना प्रत्येकीला एक पान आणीन."

"बाई, माझ्या सुनेचंही धरा हं," मागून कुणी म्हणाले.

"धरलं."

"आणि पुण्याच्या लेकीचं?"

"तिचंही. पण तिला म्हणावं, येऊन घेऊन जा."

नौपाड्यात माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर प्रवासाची व्यवस्था करणारे एक लहानसे कार्यालय आहे. तिथल्या तरुणाला आम्ही आश्विन पौर्णिमेच्या आधीचे दिवस सांगितले. पौर्णिमेला वर्षावासाची सांगता असते आणि तेव्हा आईला विहारात असणे भागच होते. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"बेस्ट टाइम आहे, आजी. शोल्डर सीझन."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे मधला. धड ऑन नाही, धड ऑफ नाही. गर्दी नाही, हॉटेलं रिकामी. पाऊस आला तर आला, नाही तर नाही."

"सीझनला खांदा आहे, तर मग डोकं कुठलं?"

तो हसला. "डोकं डिसेंबर-जानेवारी. तेव्हा उभं राहायला जागा नसते."

"मग बरंय. कुणाच्या डोक्यावर बसायची मला सवय नाही."

घरी परतताना मी तो शब्द मनात घोळवत राहिले. ऋतूचा खांदा. खांद्यावर बसून मूल मिरवणूक बघते. एका खांद्यावरचे ओझे दुसऱ्यावर घेताना माणूस क्षणभर थांबतो, श्वास सोडतो, आजूबाजूला पाहतो. आपण ज्या बेटावर चाललो आहोत ते या थांबण्यात कसे दिसत असेल, याचे मला विलक्षण कुतूहल वाटू लागले. आपल्याकडच्या कवितेत ऋतू येतात आणि जातात. दोन ऋतूंच्या मधली रिकामी जागा फारशी कुणी लिहिलेली नाही.

ती जागा मला पहिल्याच संध्याकाळी दिसली. विमानतळाजवळच्या एका किनारी गावात आमचा मुक्काम होता. हॉटेलच्या अंगणात खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, एका भिंतीला नवा पिवळा रंग आणि दुसरीला जुना. ओल्या रंगाच्या वासात नारळाच्या तेलात परतलेल्या कढीपत्त्याचा वास मिसळलेला. जेवणाच्या यादीतले जे मागावे ते नव्हते. वाढणारा माणूस न लाजता सांगायचा, अजून सुरू नाही, आणि मग स्वतःच्या घरी केलेले फणसाचे कालवण आणून द्यायचा. पाहुण्यांसाठी सजलेले बेट नव्हतेच ते. केस विंचरायच्या आधीचे, दारात दात घासत उभे असलेले बेट होते.

जेवण झाल्यावर आम्ही वाळूत जाऊन बसलो. वारा अजिबात नव्हता. आमचा चालक आखातात नोकरी करून आलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. हिंदी तिथेच शिकलेला. तो म्हणाला, एका बाजूचा वारा परवा-तेरवा गेला, दुसऱ्या बाजूचा अजून यायचा आहे. आता दुपारी ढग येतील, गडगडतील, पडतील, बाकी दिवसभर काही हलणार नाही. समुद्र खरोखरच तसा होता. लाटा येत होत्या, पण कुणाच्या सांगण्यावरून येत नव्हत्या. आईने पायाची बोटे ओल्या वाळूत रुतवली आणि म्हणाली, "हा तर आपल्या कल्याणच्या खाडीसारखाच गप्प आहे. मला वाटलं, समुद्र म्हणजे भांडखोर असणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही अनुराधापूरला पोचलो. भातशेती, तळी, तळ्यांत निळी कमळे, आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर काचेच्या लहानशा देवळीत बसलेला बुद्ध. आई प्रत्येकाला हात जोडत होती. शेवटी हात जोडलेलेच ठेवले. आम्ही जिथे उतरलो ते एका बाईंचे घर होते, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. त्यांच्या बैठकीच्या कोपऱ्यात रंगीत दिव्यांत बुद्धमूर्ती होती. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "आयुबोवन." आईने मूर्तीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि आपल्याच माणसात आल्याच्या खात्रीने हात जोडून म्हणाली, "जय भीम." मग ती थांबली. उत्तर येईपर्यंत थांबायचेच असते.

बाई गोंधळल्या. मी इंग्रजीत सांगितले की आमच्याकडे बौद्ध माणसे एकमेकांना असे म्हणतात. त्यांनी मान डोलावली आणि फार काळजीपूर्वक, जिभेवर ठेवून चव बघितल्यासारखे, ते दोन शब्द उच्चारले. तेव्हापासून आम्ही जिन्यावरून उतरलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "जय भीम, अम्मा!" आई खूश. "बघ," ती मला म्हणाली, "सांगितलं की कळतं."

बोधिवृक्षाकडे जायला आईने पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. फाटकापाशी पाहतो तर सगळ्याच बायका पांढऱ्या वेषात. ती हरखून एकेकीकडे बघत राहिली. कडेने दुकाने होती: कमळे, पणत्या, उदबत्त्या, नारळाचे तेल. आईने प्रत्येक दुकान निरखले, मग पुन्हा पहिल्यापासून निरखले.

"पानं कुठे मिळतात?" तिने चालकाला विचारले.

तो चमकला. "अम्मा, यहाँ पत्ता बिकता नहीं. तोड़ना भी मना है. अपने आप गिरेगा, तो लेना."

"आणि कधी पडेल?"

त्याने झाडाच्या दिशेला पाहिले, मग आभाळाकडे. "अभी हवा नहीं है, अम्मा. फरवरी में बहुत गिरता है."

आईने सावकाश माझ्याकडे मान वळवली. "खांदा," एवढेच म्हणाली.

मी त्या झाडाची कल्पना भव्य केली होती. प्रत्यक्षात ते किरकोळ अंगाचे, वयाने झुकलेले होते, उंच चौथऱ्यावर, सोनेरी टेकूंच्या आधाराने उभे. त्याच्याभोवती त्याचीच धाकटी झाडे दाटीने उभी, जत्रेत आजीला धरून चालणाऱ्या नातवंडांसारखी. चौथऱ्यावर जायला परवानगी नव्हती. खाली पांढरी वाळू होती, पायांना थंड, आणि तिच्यावर हिरांच्या झाडूने काढलेल्या बारीक रेघा. तेलाच्या वातींचा, चुरगळलेल्या कमळाच्या देठांचा, आणि कुठून तरी ओल्या दगडाचा वास येत होता.

आम्ही एका भिंतीलगत बसलो आणि वर बघू लागलो. पिंपळाविषयी एक गोष्ट मला त्या दिवशी नीट दिसली. त्याचा देठ इतका लांब आणि बारीक असतो की वारा नसतानाही पान थरथरते. त्याला स्वतःचाच श्वास पुरतो. सगळे झाड हलत होते आणि एकही पान सुटत नव्हते. हलणे आणि सुटणे यांच्यात केवढे अंतर असते! मी एकेक पान निवडून त्याच्यावर नजर ठेवून पाहिली, एखादा पिवळा डाग दिसतो का ते शोधले. झाड पावसाने धुतलेले, भरलेले, ऐन तारुण्यात असल्यासारखे हिरवे होते.

आमच्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी बसली होती. आईच्याच वयाची, पांढऱ्या साडीत, मांडीवर काळी छत्री. तीही वर बघत होती. थोड्या वेळाने दोघींनी एकदमच मान खाली घेतली, मानेला हात लावला आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

दुपारी ढग आले. चालक म्हणाला होता अगदी तसे: गडगडाट, मग एकदम कोसळणे. सगळे बाहेरच्या पत्र्याखाली धावले. म्हातारी आमच्याजवळच येऊन उभी राहिली. आईने पिशवीतून चिवडा काढून तिच्यापुढे धरला. तिने ओंजळ केली, चव घेतली, डोळे मोठे केले. मग चालकाला दोघींच्या मध्ये उभे करून गप्पा झाल्या. म्हातारीची लेक परदेशी घरकामाच्या नोकरीला निघाली होती. तिच्या सामानात बोधिवृक्षाचे पान ठेवायचे, म्हणून ती जवळच्या गावाहून येत होती.

"तुमचं कुणासाठी, विचारतेय," चालकाने हिंदीत सांगितले.

आई म्हणाली, "तिला सांग, पूर्ण वसाहतीसाठी."

ते ऐकून म्हातारी इतकी हसली की छत्री हातातून पडली.

पाऊस थांबल्यावर आम्ही परत आत गेलो. वाळू काळसर झाली होती आणि तिच्यावर एकही पान नव्हते. पावसात पडलेली असतील तर ती वरच्या चौथऱ्यावर, कठड्याच्या आत. एक भिक्खू ती गोळा करत होता. आई कठड्याकडे पाहत राहिली. "ती सम्राटाची लेक अख्खी फांदी घेऊन समुद्र ओलांडून आली," ती म्हणाली, "आणि मला एक पान नेता येईना."

दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा त्याच भिंतीपाशी. म्हातारी आधीच आलेली. तिने आईसाठी जागा झाडून ठेवली होती. थोड्या वेळाने वंदना सुरू झाली. शब्द आमचेच होते, लहानपणापासून जिभेवर बसलेले, पण चाल निराळी. आमच्याकडे वंदना ठेक्यात चालते, प्रत्येक ओळ पायरीसारखी पक्की. इथे ओळींना कडाच नव्हत्या, एकीचा शेवट दुसरीच्या पोटात शिरत होता. आईचे ओठ पुढे धावत, अडखळत, थांबत, पुन्हा कुठून तरी चढत. मला वाटले ती वैतागेल. पण ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "हे श्वास कुठे घेतात ते ऐक. आपण घेतो तिथे घेतच नाहीत." आणि वंदना संपेपर्यंत तिने म्हणायचे सोडून दिले आणि फक्त तेवढेच ऐकले. मीही ऐकले. एकाच शब्दाला दोन देशांत दोन फुप्फुसे असतात, हे मी कवितेच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासात कुठे वाचले नव्हते.

दुपारपर्यंत पान पडले नाही. आई खाली वाळूकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. ज्या झाडाखाली बसून बुद्धानं सगळी हाव सोडली, त्याच्याच फांदीच्या झाडाखाली मी सकाळपासून हाव धरून बसलेय. वर हा मान मोडणारा नाद." मग जरा थांबून, "पण पडलं तर बरं होईल गं. एकीला दिलं आणि बाकीच्यांना दाखवलं, तरी चालेल. एकच मागते."

प्रत्येकीला एक इथून ती एकावर आली होती. संध्याकाळी फाटकाबाहेर चालकाने गाडी रस्त्याकडेच्या एका मोठ्या पिंपळाखाली उभी केली आणि खाली पसरलेल्या पानांकडे बोट दाखवले. "अम्मा, ये भी वही पेड़ है. कौन पहचानेगा?"

"त्याला म्हणावं," आई मला म्हणाली, "मोहन्यात काय पिंपळ कमी आहेत?"

अनुराधापुरातल्या तिसऱ्या दिवशी दुपारपूर्वी आम्हाला विमानतळाकडे निघायचे होते. आम्ही उजाडताच गेलो. धुके नव्हते, पण हवा दमट आणि जड, ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसणारी. म्हातारी आली, आईशेजारी बसली, छत्री मांडीवर. माणसे कमी होती. वानरांची एक टोळी भिंतीवरून गेली. मी आईकडे पाहिले, ती हातातल्या घड्याळाकडे पाहायचे टाळत होती.

आणि पान पडले. मी ते सुटताना पाहिले नाही, खूप आठवून पाहिले तरी आठवत नाही; खाली येताना दिसले तेव्हा ते अर्ध्यावर आले होते, वारा नसूनही सरळ न येता इकडून तिकडे झोके घेत, वेळ काढत. ते दोघींच्या मधोमध वाळूवर टेकले. हिरवेच होते, एका कडेला फक्त हळदीची रेघ.

आईचे गुडघे वेळेवर वाकत नाहीत. म्हातारीने ते उचलले, कपाळाला लावले, डोळे मिटले. मग डोळे उघडून, दोन्ही तळहातांवर ठेवून, तिने ते आईपुढे धरले. पाहुणी होती ना आई, समुद्रापलीकडून आलेली.

आईने हाताचा पंजा उभा केला, मान हलवली आणि म्हणाली, "नको नको, अहो, तुम्ही ठेवा."

आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. ताटावर आडवा धरलेला हात वाढणाऱ्याला सांगत असतो की आता आग्रह कर. वाढणारी म्हणते, घ्या हो, एवढ्याने काय होतंय. जेवणारी पुन्हा नको म्हणते, जरा कमी जोराने. मग हात बाजूला होतो आणि ताटात पोळी पडते. घेणारीने हावरे दिसू नये आणि देणारीचे मन मोठे दिसावे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा एक नाच आहे, आणि दोघींनाही त्याची पावले माहीत असतात.

म्हातारीला माहीत नव्हती. तिने आईचा उभा पंजा पाहिला, चेहरा पाहिला, समजल्यासारखी मान हलवली. तिचे डोळे भरून आले. तिने पान पांढऱ्या रुमालात ठेवले, रुमाल उराशी धरला, आईच्या गुडघ्याला हात लावून काही तरी म्हणाली, आणि छत्री उचलून फाटकाकडे चालू लागली.

आईचा हात अजून हवेत होता. पंजा आता उभा नव्हता; तो हळूच उताणा होऊन पुढे आला होता, दुसऱ्या आग्रहाच्या वेळी येतो तसा.

आम्ही गाडीत बसलो. पहिले तळे गेले, दुसरे गेले.

"तिनं परत विचारलंच नाही गं," आई म्हणाली.

"तू नको म्हणालीस ना."

"म्हणाले. म्हणून काय झालं?"

मी तिच्याकडे पाहिले, ती माझ्याकडे. आधी तिच्या हनुवटीला कंप सुटला, मला वाटले आता रडेल, आणि ती हसायला लागली. पदर तोंडात धरून, खिडकीकडे वळून, खांदे गदगदवत. चालकाने गाडी हळू केली. "काही नाही, चला, चला," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या वर्षांत माझं नको कुणी तरी ऐकलं. आणि तेही पहिल्याच फटक्यात."

पुढे चहाला थांबलो तेव्हा ती गंभीर झाली होती. "विहारात काय सांगू?"

"सांग ना, तिच्या लेकीसाठी दिलंस म्हणून. खोटं कुठे आहे?"

तिने बशीतला चहा फुंकला. शब्द निवडताना ती नेहमीच असे करते. "दिलं असतं तर हात पुढे गेला नसता. ते दान नव्हतं. ती सवय होती." आणि थोड्या वेळाने, "प्रत्येकीला आणते म्हणून सांगितलंय मी. तोंड दाखवायला लाज वाटेल. पण रोज त्यांच्यापुढे शील म्हणते, त्यांत खोटं बोलू नये असंही म्हणते. आता नेमकी माझ्यावर वेळ आली तर?"

आश्विन पौर्णिमेला मी नौपाड्याहून मोहन्याला गेले. विहार पांढऱ्या साड्यांनी भरला होता. आईने वाचन पूर्ण केले, ग्रंथ कापडात बांधला. कुणी उठले नाही. सगळ्यांचे डोळे तिच्या पिशवीकडे होते. पिशवीत चष्म्याचे घर तेवढे होते.

"बाई, पान?" पुढच्या रांगेतून विचारणा झाली.

आईने चष्मा काढला. मग तिने सांगितले. सुरुवातीपासून, काही न वगळता, आपला पंजा कसा उभा राहिला आणि मग कसा उताणा झाला, तो हात करून दाखवत. मी दाराजवळ बसले होते. मला तिचा आवाज ओळखीचा वाटत होता, पण त्यातला एक सूर नवा होता, जरासा उघडा.

मग एकदम सगळ्या.

"अहो बाई, नको कशाला म्हणालात!"

"मग काय, लगेच हात पसरायचा? भिकाऱ्यासारखा?"

"तीन दिवस मान मोडून बसल्या ना तिथे!"

"मी असते तर मीही नकोच म्हटलं असतं. तोंडातून येतंच ते."

"माझं सांगू?" खांबाला टेकलेली एक बाई म्हणाली. "बाळंतपणाला भाऊ म्हणाला, राहा अजून महिनाभर. मी म्हटलं नको रे. त्यानं दुसऱ्या दिवशी बसचं तिकीटच आणून दिलं."

हशा उसळला. तो ओसरायच्या आत दुसरी म्हणाली, "मला साहेब म्हणाले होते, सुपरवायझर करतो. मी म्हटलं, मला कशाला सर. केलं मग दुसरीला." हीही हसतच म्हणाली, पण या वेळी मागून हसू आले नाही. आपापल्या मांडीकडे बघत बायका थोडा वेळ तशाच बसल्या. आईही.

तेवढ्यात खिरीचे पातेले आत आले. वसाहतीतली एक तरुण सून वाढत होती. कागदी वाट्या भरत, रांगेने पुढे सरकत. आईची वाटी संपलेली पाहून ती थांबली, पळी उचलली आणि सवयीने म्हणाली, "बाई, अजून थोडी?"

सगळा विहार आईकडे बघू लागला.

"घाल," आई म्हणाली.

टाळ्याच पडल्या. पुढच्या बाईला विचारायच्या आतच तिने वाटी पुढे केली. तिच्या शेजारणीनेही. "मलाही घाल गं," "मला भरून," असे म्हणत रांग पुढे सरकत गेली, आणि अर्ध्यावर येईपर्यंत पातेल्याच्या तळाशी पळी खडखडू लागली. खीर करणाऱ्यांनी दरवर्षीचा अंदाज धरला होता, आणि त्या अंदाजात सगळ्या जणींचे नको आधीच मोजलेले होते. मागच्या रांगेला जेमतेम अर्धी वाटी आली. वाढणाऱ्या पोरीला काहीच उरले नाही. ती रिकामे पातेले कडेवर धरून, हसत, दाराकडे निघाली.

"अगं, इकडे ये," आईने तिला हाक मारली. आपली भरलेली वाटी तिने दोन्ही हातांनी पुढे धरली. "घे."

"नको नको, बाई, तुम्ही खा."

आईने तिच्या उभ्या पंजाकडे पाहिले. वाटी मागे घेतली नाही.

"मी परत विचारतेय," ती म्हणाली.